ओव्हाळ मिस्त्रींचं नाक

बिबवेवाडीत सीताराम ओव्हाळ यांच्या गॅरेजला पाटी कधीच नव्हती. तिची गरजही पडली नाही. जुन्या पेट्रोल गाडीचा कार्बोरेटर बिघडला की नाना पेठेतले स्पेअर पार्टवालेच सांगायचे, "ओव्हाळांकडे न्या, ते वास घेऊन सांगतील." आणि ते खरोखरच वास घेऊन सांगत. काम संपलं की इंजिन चांगलं तापू द्यायचं, बॉनेट लावून थोडं थांबायचं, मग बॉनेट उघडून सीताराम हात मागे बांधत, वाकत, डोळे मिटत आणि इंजिनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाक फिरवत. पेट्रोल कुठे पाझरतंय, तेल कुठे जळतंय, सगळं त्या नाकाला कळे. सरळ होऊन ते एकच शब्द बोलत, "पास." त्या एका शब्दावर गिऱ्हाइकं बायकापोरांना गाडीत घालून घाट उतरायला निघत.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नाक गेलं.

ताप उतरला, खोकला थांबला, अंगात ताकद आली. वास मात्र परतला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. सीताराम रोज सकाळी गॅरेज उघडलं की पेट्रोलमध्ये चिंधी बुडवून नाकाशी धरून बघत. पेट्रोल आणि पाणी त्यांना सारखंच झालं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. सत्तरीच्या माणसाला दुसरं काही येत नसलं, तर जे येतं तेही गेलं असं तो कोणत्या तोंडाने सांगणार? तशाही कार्बोरेटरच्या गाड्या आता क्वचितच यायच्या. एखादी आली की ते पूर्वीसारखेच वाकत, डोळे मिटत, नाक फिरवत. फरक इतकाच, की त्याआधी कुणाचं लक्ष नाही असं बघून प्रत्येक जोडावरून बोट फिरवून ओल लागते का ते चाचपून घेत. आजवर निभावलं होतं.

मग एक दिवस मांजरी गावचे जयसिंगराव आले, नातीला घेऊन.

जयसिंगरावांच्या वडिलांनी उसाच्या पैशातून एक अमेरिकन गाडी घेतली होती. दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, आठ सिलिंडरचं इंजिन. पुढे पेट्रोल महागलं तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं. वाघाच्या पोटात म्हशीचं काळीज, असं तेव्हा गावात म्हणायचे. डिझेलचं इंजिनही पुढे बंद पडलं आणि गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली. मूळ इंजिन मात्र वडिलांनी विकू दिलं नव्हतं. ते पोत्यात गुंडाळून तिथेच पडून होतं.

"तेच बसवायचं हाय," जयसिंगराव म्हणाले. "वडील थंड गाडी चोक ओढून चालू करायचे. मला एकदा ते करायचंय. गुडघे गेलेत, डोळेबी चाललेत. आता नाही तर कधी?"

नात उत्कर्षा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होती. तिने लॅपटॉप उघडून गॅरेजमधल्या टायरांच्या थप्पीवर ठेवला.

"काका, खरं सांगायचं तर माझा चॉइस कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. सेन्सर सगळं बघतात. ट्यूनिंगची कटकटच नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"आबा ऐकत नाहीत म्हणून."

"इंजेक्शनला चोक असतोय का?" जयसिंगरावांनी विचारलं.

"नसतो, आबा."

"मग संपलं."

तिथून पुढे कितीतरी संध्याकाळी त्या थप्पीपाशी एकेका पार्टवरून वाद झाले. ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर तासून, नवे पिस्टन घालायचे, यावर एकमत होतं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम कोणता, यावर जुंपली. उत्कर्षाला मोठ्या उंचीचा, शर्यतीचा हवा होता.

"गाडी कुठे पळवणार?" सीतारामांनी विचारलं. "हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये? हा कॅम घातला तर सिग्नलला उभी राहिली की उचक्या देईल. लोक म्हातारबांना पाणी पाजायला येतील."

ती हसली आणि साधा कॅम मागवला. कार्बोरेटरच्या बाबतीत ती जिंकली. सीताराम हवा ओढणाऱ्या दोन घशांचा म्हणत होते, तिने चार घशांचा कसा हळू चालवताना दोनच घसे उघडतो ते आकड्यांनिशी दाखवलं, आणि सीतारामांनी मान डोलावली. पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा, मागे टाकीपाशी बसवायचा, म्हणजे उन्हाळ्यात इंजिनाच्या आचेने पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणार नाही, हेही तिचंच. खूप वर्षांनी कुणीतरी आपल्याशी कामाबद्दल भांडतंय याचं सीतारामांना बरं वाटत होतं. घरी ते जेवताना कॅमबद्दल बोलू लागले. त्यांची बायको हिराबाई वाढता वाढता ऐकत.

राहिला पेट्रोलचा रबरी पाइप.

"सगळीकडे हाच लावायचा हं, काका," उत्कर्षाने काळ्या पाइपचं वेटोळं पुढे ठेवलं. "आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्यात टिकत नाही."

"इथेनॉल म्हणजे आपला ऊसच की," जयसिंगराव म्हणाले. "घरचाच माणूस हाय तो. काय करतोय?"

सीतारामांनी टाकीपासून पंपापर्यंत तिचाच पाइप लावला. पंपापासून येणारी लोखंडी नळी इंजिनापाशी येऊन संपत होती. तिथून कार्बोरेटरपर्यंत वीतभर अंतर, आणि त्यात एक अवघड वळण. नवा पाइप त्या वळणात दुमडत होता. दोनदा काढला, दोनदा घातला. मग त्यांनी कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. नाना पेठेतलं एक दुकान बंद झालं तेव्हा घेतलेले पाइपचे तुकडे त्यात पावडर लावून ठेवले होते. वरून कापडाची वीण, आत मऊ रबर. असा माल आता मिळत नाही. जेन्युइन. आयुष्यभर त्यांनी हा एक शब्द 'पास'च्या खालोखाल मानला होता. तुकडा वळणात असा बसला, जणू तिथेच वाढला होता. गाडी जुनी, पाइप जुना, दिसायलाही शोभला.

पाझरला तर वास येईलच, असं त्यांच्या मनात आलं. आणि मग आठवलं.

त्यांनी पाना पुन्हा हातात घेतला. तुकडा काढला मात्र नाही.

संध्याकाळी उत्कर्षाचा फोन आला. "नवा पाइप पूर्ण लाइनला लावला ना, काका?"

"लावला," सीताराम म्हणाले.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. आठ सिलिंडरचा तो घुमणारा आवाज ऐकून सीतारामांचे डोळे भरून आले. वास गेला तरी कान होते. कानाने त्यांनी हवा-पेट्रोलचं मिक्श्चर लावलं, उत्कर्षाने तिच्या यंत्रावर तपासलं आणि अंगठा वर केला. गाडी मांजरीला गेली. सीटचं काम बाकी होतं, ते तिथेच होणार होतं. तोवर ती भरल्या टाकीने शेडमध्ये उभी राहणार होती, आणि दसऱ्याला पूजा करून जयसिंगराव चोक ओढणार होते.

दसऱ्याला हिराबाई सकाळी विहारात जात. धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. सीतारामही दरवर्षी जात, या वर्षी मात्र ते लवकर उठून थेट मांजरीला गेले. "बुद्धवंदना झाली की तुम्ही रिक्षाने या," त्यांनी सांगितलं. "जयसिंगरावांनी दोघांना जेवायला बोलावलंय."

शेड झेंडूच्या माळांनी भरली होती. उदबत्त्यांचा पुडा पेटवलेला, बाजूला धूप. भावकीतली माणसं खुर्च्या टाकून बसलेली. जयसिंगराव नव्या सीटवर बसले, डावा हात डॅशबोर्डाखाली नेला आणि चोक ओढला. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. म्हातारा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला, जणू भिंतीपलीकडे रस्ता होता.

इंजिन तापलं, बंद केलं. बॉनेट लावून उघडलं. सगळे सीतारामांकडे बघू लागले. आज बोट फिरवायला सवड नव्हती; इतक्या डोळ्यांसमोर फिरवणार कसं? त्यांनी हात मागे बांधले, वाकले, डोळे मिटले. गरम हवा तोंडाला लागली. बस, तेवढंच.

"पास," ते म्हणाले.

"झालं बघा," जयसिंगराव भावकीला म्हणाले. "आता सरकारी कागद नसला तरी चालतंय."

जयसिंगरावांच्या पत्नी तुळजाबाई आरतीचं ताट घेऊन निघाल्या. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी आणि तेवतं निरांजन. त्या बॉनेटच्या दिशेने येत होत्या, तेव्हाच पांढरं लुगडं नेसलेल्या हिराबाई शेडच्या दारात आल्या. चपला काढायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"बाई, थांबा," त्या म्हणाल्या. "ताट मागे घ्या. पेट्रोलचा वास येतोय."

तुळजाबाई थांबल्या. कुणीतरी हसलं.

"वहिनी, नवीच बांधलेली गाडी हाय, येणारच," जयसिंगराव सीटवरूनच म्हणाले. "आणि मिस्त्रींनी आत्ताच वास घेतलाय."

हिराबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच सीतारामांकडे बघितलं. तुळजाबाईंच्या ताटातली ज्योत वाऱ्याने आडवी झाली आणि पुन्हा उभी राहिली. ताट बॉनेटपासून दोन हातांवर होतं. 'पास' हा शब्द अजून हवेत होता. तो तसाच राहू दिला असता तर कदाचित काही झालंही नसतं.

"मला वास येत नाही," सीताराम म्हणाले.

"सर्दी झालीय का?" जयसिंगरावांनी विचारलं.

"नाही. चार वर्षं झाली."

उत्कर्षाने आजीच्या हातातलं ताट घेतलं आणि पळतच अंगणात नेऊन ठेवलं. कुणीतरी उदबत्त्या उचलल्या. ती परत आली, मोबाइलचा उजेड पाडून इंजिनात वाकली. मग दोन बोटांनी तो वीतभर पाइप दाबला. कापडाची वीण ओली होती, आतलं रबर भिजलेल्या पावासारखं झालं होतं. खाली तापलेल्या लोखंडावर थेंब पडून वाळल्याचा डाग होता. तिची बोटं काळी झाली.

"काका, हा मी दिलेला नाही."

"नाही. माझा आहे," सीताराम म्हणाले. "जेन्युइन आहे."

बोलून झाल्यावर तो शब्द त्यांच्याच कानाला कसातरी लागला. उत्कर्षाने मान हलवली आणि बोटं रुमालाला पुसली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

जयसिंगराव अजून गाडीतच होते. "आपल्याच उसानं खाल्लं म्हणायचं," ते म्हणाले. मग हळूहळू, दार धरून, खाली उतरले. "चला, पानं वाढलीत. मिस्त्री, तुम्ही जेवल्याबिगर जायचं नाही."

तेही सीतारामांना सहन करावं लागलं. पंगतीत त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. श्रीखंड वाढणाऱ्याने दोनदा आग्रह केला. जिभेला नुसता थंड गोडवा कळत होता. त्यात वेलची आहे की जायफळ, ते कळत नव्हतं. निघताना उत्कर्षा फाटकापर्यंत आली. "पुढचं मी बघते, काका," ती म्हणाली, अगदी हळू.

रिक्षा हडपसरला अडकली. हिराबाई बाहेर बघत म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"वांगी करपली होती त्या दिवसापासून. घरभर वास. तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलीत."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुम्ही कुठे बोललात?"

थोड्या वेळाने सीतारामांनी विचारलं, "मग आज तरी कशाला बोललात, चार माणसांत?"

"ताटात दिवा होता," हिराबाई म्हणाल्या.

गाडी वाघोलीच्या एका गॅरेजमध्ये गेली. तिथे कार्बोरेटर उतरवून इंजेक्शन बसवलं, असं नाना पेठेतून कळलं. सीतारामांच्या नाकाचंही सगळ्यांना कळलंच, पुण्यात असली बातमी पायी चालत नाही. दिवाळीनंतर एक जण जुनी स्कूटर घेऊन दारात आला. सीताराम म्हणाले, "दुसरीकडे न्या." त्याने कारण विचारलं नाही. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. सीताराम अजून सकाळी गॅरेज उघडतात, पण चिंधी नाकाशी धरत नाहीत. बिस्किटांचा डबा भंगारवाल्याने उघडून बघितला आणि झाकण लावून परत दिला.

थंडीत एकदा उत्कर्षाने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'काका, आज आबांनी चालवली.' सीतारामांनी चष्मा लावला. जयसिंगराव सीटवर बसलेले. डॅशबोर्डाखाली चोकचं जुनं बटण तसंच होतं. इंजेक्शनला चोक नसतो, म्हणजे त्याला आता तार नव्हती. ते नुसतं शोभेला ठेवलं होतं. उत्कर्षा म्हणताना ऐकू येत होती, "आबा, नुसती चावी फिरवा, होईल." जयसिंगरावांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. डावा हात खाली नेला, बटण धरलं, डोळे मिटले आणि सावकाश ओढलं. मग चावी फिरवली. इंजिन एकदाही न खोकता सुरू झालं.

सीतारामांनी आवाज नीट ऐकला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी व्हिडिओ मागे नेला, जिथे म्हातारा बटण ओढतो तिथपर्यंत, आणि पुन्हा लावला.