नहराकाठची मुरमाची वाट

आंधळगावजवळच्या नहराकाठच्या वाटेवर हल्ली नागपूरची पोरं जाड टायरच्या सायकली घेऊन येतात. "काका, गाड्या नसलेला रस्ता हाच ना?" परवा एकानं विचारलं. मी नुसती मान हलवली. ओल्या मुरमाचा वास येत होता आणि मला ती सकाळ आठवली.

त्या वर्षी धान वाळत होतं. नहराच्या पाण्याचा माझा नंबर नव्हता, म्हणून मी वाट आडवी खणून पाणी माझ्या धानाच्या बांधीत वळवलं. कुणाला दिसू नये म्हणून चरावर तणसाच्या पेंढ्या टाकून वर मुरूम पसरला. थोड्याच वेळात दूध वाटणारा श्रावण सायकलवरून आला. चाक चरात गेलं आणि तो डोक्यावर पडून बेशुद्ध झाला. सांडलेलं दूध पाण्याबरोबर माझ्या धानात चाललं होतं. मी आधी हातांनी चर बुजवला. मग लोकांना हाक मारली.

शुद्धीवर येताच तो म्हणाला, "इथं चर होता ना रे?"

"कायचा चर? पिऊन होता तू," मी सर्वांसमोर म्हणालो. लोक हसले.

त्याचा पाय कायमचा अधू झाला. लोकांनी दूध घेणं सोडलं. दारुडा हे नाव तेवढं राहिलं. श्रावण कधीच पीत नव्हता.

तो वारून बरीच वर्षं झाली. काल मी त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"मरतपर्यंत सांगत होते, म्या घेतली नव्हती म्हणून," ती म्हणाली. "मी बी नाही मानलं, भाऊजी. आता कोणाले सांगू?"