सहावा चिंचोका

“चाळीत बसून असलं सुचत नाही. कुठून उतरवलंस?”

घाटकोपरच्या कॉलेजात, एम.एस्सी.च्या वर्गात, सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. फळ्यावर मी सहा ठिपके काढले होते.

मी म्हणालो, “पुस्तकातून, सर.”

“वाटलंच.” वर्ग हसला. मीही हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

खरं असं होतं. एकवीस बिंदू, एकवीस रेषा. प्रत्येक रेषेवर पाच बिंदू, प्रत्येक बिंदूतून पाच रेषा. असे जास्तीत जास्त बिंदू निवडायचे की कुठलेही तीन एका रेषेवर नकोत. सर म्हणाले होते, पाचाच्या पुढे जाता येत नाही.

भांडुपच्या आमच्या चाळीतल्या खोलीत मी पुठ्ठ्यावर एकवीस धागे वाकवून चिकटवले, कारण सगळ्या रेषा सरळ काढता येत नाहीत. बिंदूंसाठी चिंचोके घेतले. बाबा शेजारी बसले. गिरणीत ते कापड तपासायचे. संपानंतर घरीच होते. मी पाचावर अडलो. त्यांनी सहावा ठेवला.

“खंयच्याच धाग्यार तीन येनत नाय. बघ.”

मी सगळे धागे तपासले. नव्हते येत. सातवा का बसत नाही, तेही त्यांनीच सांगितलं. एका चिंचोक्यातून पाच धागे, प्रत्येकावर आणखी एकच. पाच आणि एक, सहा. संपलं.

वर्ग हसला त्या संध्याकाळी बाबांनी दारातच विचारलं, “काय म्हटल्यानी सरांनी?”

“बरोबर आहे म्हणाले.”

बाबा खूश झाले. मला जेवण गेलं नाही. सरांनी मला चोर ठरवलं होतं, आणि खरी चोरी मी घरात केली होती: बाबांचं श्रेय पुस्तकाला देऊन आलो होतो.

पुढच्या तासाला सरांनी स्वतःच सहा ठिपके काढले. म्हणाले, “एकाने पुस्तकातून आणलंय.” मी उभा राहिलो.

“पुस्तकातून नाही, सर. मी खोटं बोललो. हे माझ्या वडिलांनी काढलं. ते गिरणी कामगार आहेत.”

“खाली बस.”

मी बसलो नाही. तास संपेपर्यंत उभा राहिलो. कोणी हसलं नाही.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पण सहा बरोबर होते ना?”

मी बाबांची माफी मागितली नाही. मागून सुटायचं नव्हतं मला. आज मीही शिकवतो. ते सहा ठिपके काढले, की ते कोणी शोधले हे वर्गाला सांगितल्याशिवाय मी खडू खाली ठेवत नाही. ठेवणारही नाही.