मावळतीआधीचं जेवण

मावळतीची अजान झाली तेव्हा आक्काच्या तोंडात घास होता. तिने तो हातावर काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू म्हणालीस की गं, अजून दिवस हाय म्हणून."

मी दोन्ही ताटं उचलली.

हे मस्कतमधलं. आमचे मुलगे तिथे नोकरीला होते, एकाच मजल्यावर समोरासमोर घरं. आक्का सदलग्याची, जैन. दिवस मावळला की तोंडात काही घालायची नाही. मी जांबोटीची. आमच्याकडे शेतातून येऊन, चूल पेटवून जेवायचं, म्हणजे रात्रच. दोन्ही गावं सीमाभागातलीच, पण गावाकडे असतो तर आम्ही दोघी एकमेकींना भेटलोही नसतो. तिथे मात्र जिन्यात ती दुधाच्या पिशवीला कन्नडमधून शिव्या घालत होती, त्या मला कळल्या आणि मी हसले. तिने विचारलं, "कुठलं गं गाव तुझं?" त्या दिवसापासून ती मला 'जांबोटी' म्हणूनच हाक मारू लागली.

पोरं आणि सुना रात्री आठला यायची. तोवर घरात सोबतीला नुसत्या भिंती. म्हणून मी आक्काबरोबर उजेडी जेवायला लागले. तिच्यासाठी कांदा, बटाटा, लसूण सगळं सोडलं. एकदा चेष्टेनं म्हटलं, "आक्का, घरात कांदा न्हाय, मग तू रडतीस कशी गं?"

"सून हाय की," ती म्हणाली.

घड्याळावर तिचा भरवसा नव्हता. म्हणायची, "घड्याळ दुकानातनं आणल्यालं, दिवस न्हाय." तिच्या खिडकीसमोर दुसरी इमारत होती. माझ्या खिडकीतून डोंगर आणि सूर्य दिसायचा. म्हणून रोज माझ्याकडे येऊन मलाच विचारायची, "हाय का गं दिवस?" मी हो म्हटलं की बसायची. स्वतः उठून कधी पाहिलं नाही.

त्या दिवशी तिला यायला उशीर झाला. हवेत धूळ होती, उजेड पिवळा पडला होता. सूर्य डोंगरामागे गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. ती दारातूनच म्हणाली, "गेला असंल, जाते मी माघारी." मी दोन्ही ताटं वाढून बसले होते. म्हणाले, "हाय अजून. बस."

प्रायश्चित्त म्हणून तिने दोन दिवस उपास धरला. साखरेच्या आजाराची गोळी मात्र चालूच ठेवली. घरात कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या दारात पडली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. सून औषध आणायला बाहेर गेल्यावर तिने विचारलं, "तुला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"मग का गं?"

"एकटीला जेवण जात न्हाय."

"मला तरी कुठं जातंय?" ती म्हणाली. "पर मी तुला कधी फसवलं न्हाय, जांबोटी."

महिन्याभरात मुलाने तिला सदलग्याला आणून सोडलं. मी पुढे दोन वर्षं तिथे काढली. दुसऱ्या कुणाशी ओळख केली नाही. जमलीही नसती.

परत आल्यावर एकदा सदलग्याला गेले. तीन बस बदलाव्या लागल्या. आक्काने चहा दिला, गावाकडच्या सुनांची ओळख करून दिली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. पाहुणीचं करावं तसं सगळं नीट केलं. पाच वाजता सुनेने ताटं वाढली. आक्का उभीच राहिली. मी म्हणाले, "बस की आक्का, दिवस हाय." तिने नातीला कन्नडमधून दिवस बघून यायला सांगितलं. पोर बाहेर जाऊन वर बघून आली. मग आक्का बसली. अंगणात लख्ख ऊन पडलं होतं.

मी जेवले आणि शेवटच्या बसच्या आधीच निघाले. ती फाटकापर्यंत आली. ये म्हणाली नाही.

पुन्हा मी गेले नाही. गेल्या पावसाळ्यात तिच्या मुलाचा फोन आला. आक्का गेली. मी आहे.