दत्ता टेलरचं माप

बोरीत ज्याचं लग्न ठरलं त्याचा कोट दत्तरावांनीच शिवायचा, हे अडतीस वर्षांपासून चालत आलेलं. बसस्टँडसमोर पत्र्याचं दुकान, वर ‘दत्ता टेलर’ अशी पाटी, आत एक मशीन, एक कापायचं टेबल आणि खुंटीवर लटकलेले नवरदेव. दत्तराव कोटाला कोट म्हणतच नसत. हा नवरदेव उद्या न्यायचा हाय, त्याची बाही राहिली, असंच त्यांचं चालायचं.

घरची दोन एकर कोरडवाहू. थोरल्याला शेत आणि धाकट्या दत्तरावांना कात्री, अशी वाटणी वडिलांनीच करून दिलेली. जिंतूरला मामाच्या दुकानात सहा वर्षं काजं करून त्यांचा हात बसला. गिऱ्हाईक दारात चपला काढेपर्यंत त्याची छाती-कंबर यांच्या डोक्यात लिहून झालेली असायची. बायकांना मात्र टेप लावायचा नाही, हा दुकानाचा नेम. त्यांनी मापाचं ब्लाऊज आणून द्यायचं. पुढे पुढे आळशी पुरुषांनीही तीच रीत उचलली. मापाचा शर्ट पिशवीतून दुकानात यायचा आणि माणूस घरी बसायचा.

अशा या माणसाच्या एकुलत्या एक मुलीचं, राजेश्रीचं लग्न ठरलं. ती पुण्यात नोकरीला. लहानपणी दुकानात बसून बटणं निवडताना ती विचारायची, समद्या नवरदेवांना कोट, मग तुमाला का न्हाई? तेव्हा दत्तरावांनी शब्द देऊन टाकला होता, तुझ्या लग्नात घालीन म्हणून. आता सुपारीच्या दिवशी व्याह्यांनी मानाचं म्हणून निळंशार कोटाचं कापड दिलं. म्हणजे शब्दही होता आणि कापडही होतं. राहिला होता फक्त कोट.

आणि तोच जमेना. व्याह्यांच्या कापडाला हात लावण्याआधी दत्तरावांनी घरातल्या करड्या कापडाचा एक करून पाहिला. डाव्या अंगाला ओढ पडली आणि कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली. दुसरा केला, तोही तसाच. माप घ्यायला बायको, विजयमालाबाई, मागे टेप धरून उभ्या राहायच्या. पण आकडा वाचण्यावर दत्तरावांचा त्यांच्यावर भरवसा नाही. स्वतःच मान वळवून बघायचे. मान वळली की खांदा हलायचा. शेवटी कापडातच खोट आहे असं जाहीर करून त्यांनी दोन्ही कोट ट्रंकेत घातले.

परभणीच्या एखाद्या टेलरकडे गेले असते तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण दत्ता टेलर कोट शिवायला दुसऱ्याकडे गेला, ही बातमी त्यांच्या आधी बोरीला पोचली असती. त्यापेक्षा लग्नात सदऱ्यावर उभे राहू, असं त्यांनी ठरवून टाकलं. पोरीला दिलेला शब्द मात्र जेवताना घासात खड्यासारखा लागायचा.

लग्नाला महिना उरला असताना राजेश्रीने आईबापांना व्हिएतनामला नेलं. सासरी जाण्याआधी तिघांनीच कुठेतरी लांब जाऊन यावं, ही तिची हौस. विजयमालाबाईंनी पंचवीस धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. विमानतळावरचा साहेब दत्तरावांचा पासपोर्ट तपासत होता, तेवढ्या वेळात दत्तरावांनी साहेबाची कॉलर तपासून घेतली.

चौथ्या दिवशी ते होई आन नावाच्या गावात आले. नदीकाठी पिवळ्या भिंतींची जुनी घरं आणि गल्लोगल्ली टेलर. प्रवासी येतात, माप देतात आणि दुसऱ्या दिवशी नवे कपडे घेऊन पुढच्या गावाला जातात. दत्तराव पहिल्याच गल्लीत अडकले. बाहेर टांगलेला प्रत्येक कोट उलटा करून ते अस्तर बघू लागले. मायलेकी सरबत पिऊन परत आल्या तरी हे तिसऱ्याच दुकानापाशी.

तिथेच राजेश्रीने पाठीवरच्या पिशवीतून निळं कापड काढलं. घरून तिने ते गुपचूप आणलं होतं आणि विजयमालाबाईंना ते माहीत होतं; फसलेल्या कोटांचं त्यांनीच लेकीला सांगितलं होतं.

दत्तरावांचा चेहरा उतरला. “माझ्या व्याह्यानं दिलेलं कापड परक्याच्या कात्रीखाली घालतीस व्हय?”

“तुमी कापणार असाल तर आत्ता परत ठिवते, बाबा,” राजेश्री म्हणाली.

दत्तराव दुकानाची पायरी चढले.

दुकान थुई नावाच्या बाईंचं होतं. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, गळ्यात टेप. त्या टेप सोडून पुढे आल्या तसे दत्तराव दोन पावलं मागे सरले. बाईने आपलं माप घ्यायचं, हे काही त्यांच्या हिशेबात बसेना. त्यांनी राजेश्रीला हॉटेलात पिटाळून आपला एक शर्ट आणवला आणि टेबलावर ठेवला. ह्याच्यावरून घ्या म्हणावं, माझ्या हातचा हाय, सुतभर चूक न्हाई. राजेश्रीने ते मोबाईलमधून त्यांच्या भाषेत ऐकवलं. थुईबाईंनी एकदा शर्टाकडे आणि एकदा माणसाकडे पाहिलं, आणि बरं म्हणाल्या.

निळ्या कापडाला त्यांनी लगेच हात लावला नाही. आधी मांजरपाटावर कच्चा कोट टाचून दाखवते, म्हणाल्या. ही बाई कामाची हाय, असं दत्तराव बायकोच्या कानात बोलले.

संध्याकाळी पाच वाजता कच्चा कोट अंगात चढला. डाव्या अंगाला ओढ. कॉलर मानेपासून सुटलेली.

दत्तरावांना झालेला आनंद काय सांगावा. आरशासमोर उभे राहून ते दोघींना ती ओढ बोटाने दाखवू लागले. मी म्हणलो नव्हतो का, माझ्या हातात खोट न्हाई, इथं येऊन बी तेच झालं. मग हळूहळू त्यांचं बोट खाली आलं. आपली अब्रू राहिली पण कोट काही होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. उद्या दोनला गाडी निघणार होती. राजेश्रीने निळ्या कापडाची घडी घातली, तेव्हा त्यांना आरशात बघवेना.

थुईबाई अजून त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनी मोबाईलमधून एवढंच विचारलं, हा माणूस करतो काय? टेलर आहे असं कळताच त्या हसल्या. दत्तरावांच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना सरळ एका मशीनवर नेऊन बसवलं आणि पुढ्यात चिंधी टाकली. मशीन विजेचं असलं तरी बसायची तऱ्हा तीच. दत्तरावांनी मान कलती केली, डाव्या हाताने चिंधी पुढे सरकवली आणि शिलाई धरली. मुरलेला हात, दोन क्षणांत ते कुठे आहेत हेच विसरले.

थुईबाईंनी मागून त्यांच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. मग शेजारच्या मशीनवर स्वतः बसून त्याही चिंधी शिवू लागल्या आणि विजयमालाबाईंना खुणेने मागे बोलावलं.

“आगं माय,” विजयमालाबाई म्हणाल्या, “हिचा बी डावा खांदा तसाच उतरलाय.”

दत्तरावांचा पाय थांबला. “तसाच म्हंजी? माझा उतरलाय?”

“बोटभर. लय वर्सं झाली.”

“तुला ठाऊक होतं?”

“तुमच्या शर्टाला इस्त्री कोण करतंय? डाव्या बाजूला चुणी रोज तिथंच पडती.”

“मग बोलली का न्हाईस?”

“कोटाचं माप घेताना दोनदा बोलले. तुमी म्हणलात, तू टेप धर.”

राजेश्रीने तोंड फिरवून हसू दाबलं. दत्तरावांनी अंगातल्या शर्टाची डावीकडची चुणी बोटांनी चाचपली. स्वतःच्या लग्नातल्या शर्टाचं माप पुढच्या शर्टाला, त्याचं त्याच्या पुढच्याला, असं करत अडतीस वर्षं ते पंचविशीतल्या पोराचे शर्ट घालत आले होते. गावाचं अंग वाढलं, वाकलं, सुटलं, ते सगळं त्यांनी टेपवर पकडलं. स्वतःच्या अंगावर मात्र टेप कधी सरळ पडला नव्हता.

ते उठून टेबलासमोर सरळ उभे राहिले आणि त्यांनी हात अंगापासून सैल सोडले. थुईबाईंनी उजव्या खांद्याचं माप वेगळं घेतलं, डाव्याचं वेगळं. घेताना मान वळवायची नाही म्हणून त्यांनी दत्तरावांची हनुवटी हलकेच पुढे करून ठेवली. दत्तराव लाजले, पण हलले नाहीत. माप झाल्यावर त्यांनीच मान डोलावली आणि निळं कापड कात्रीखाली गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दत्तराव पायरीवर हजर. डाव्या खांद्यात बाईंनी गादीचा एक पातळ थर जास्त घातला होता. तो त्यांनी बोटांनी चाचपला. वेळ थोडा होता, काजं राहिली होती. त्यांनी हात पुढे केला. थुईबाईंनी आधी चिंधीवर एक काज करून मागितलं, खिडकीशी नेऊन पाहिलं, आणि कोट त्यांच्या मांडीवर ठेवला. मग साडेबारापर्यंत दोघे शेजारी बसून शिवत होते. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. मधे विजयमालाबाईंनी धपाटे आणून दिले. थुईबाईंनी चटणीला हात लावला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर खाल्ली.

कोट अंगात घातला तेव्हा कॉलर मानेला टेकून बसली. दत्तरावांनी खांदा हलवला, हात वर केला, पुन्हा खाली सोडला. ओढ कुठेच नव्हती. ते बराच वेळ आरशासमोर उभे होते, आणि राजेश्री त्यांच्याकडे बघत होती, कोटाकडे नाही.

लग्न बोरीतच झालं. अक्षता पडल्यावर मांडवात गावचे म्हातारे तात्याराव दत्तरावांजवळ आले. त्यांच्या तीन पोरांचे कोट याच हाताने शिवलेले, तेव्हा त्यांना विचारायचा हक्क होता. त्यांनी कोटाचं टोक उलटं करून अस्तर पाहिलं, खांद्यावरून हात फिरवला.

“दत्ता, लय बसलाय रे. आपल्या हातानं शिवला काय?”

आजूबाजूला चारदोन माणसं थांबली. विजयमालाबाई पाहुण्यांना कुंकू लावत होत्या, त्यांचा हातही थांबला. हो म्हटलं असतं तर कुणी तपासायला व्हिएतनामला जाणार नव्हतं.

“न्हाई,” दत्तराव म्हणाले. “माझं माप मला घेता येईना गेलं. तिकडं एका टेलर बाईनं घेतलं. तिनंच शिवलाय.”

“बाईनं?”

“हं. काजं तेवढी माझी.”

तात्यारावांनी चष्मा वर करून काज डोळ्यांशी नेलं. “तरीच म्हणलं, हितं दोरा जरा जास्त झालाय.”

मांडव हसला. सगळ्यात मोठ्याने दत्तराव हसले, आणि व्याह्यांना पंगतीत बसवायला तसेच, कोटाची बटणं लावून, पुढे झाले.