जर्मन साहेबांचे लायसन

लेखनाचा सराव नसताना हे लिहीत आहे, क्षमा असावी. वागळे इस्टेटच्या नाक्यावरचा वाहतूक हवालदार आमच्या कारखान्यातल्या जर्मन साहेबांची गाडी हटकून अडवी. चिरीमिरीसाठीच, असा माझा संशय. साहेबांकडे न पाहता, शिट्टी चघळत तो माझ्याशी, म्हणजे दुभाष्याशी, बोले. संपाच्या दिवसांत एका सकाळी त्याने दंड न करताच साहेबांचे लायसन काढून घेतले.

“गोऱ्याला सांगा, आज गाडी बंद. रिक्षा करा, मागच्या गेटनं जा.”

दुपारी कळले, पुढच्या वळणावर संपकरी दगड घेऊन त्या गाडीची वाट पाहत होते. दुसऱ्या दिवशी लायसन परत देताना तो पुटपुटला, “कुठं बोलू नका हां, भाऊसाहेब.”

त्याच संपकऱ्यांसोबत तो रोज चहा पीत असे. वाचकहो, त्याने वाचवले कोणाला, साहेबांना की त्यांना?