अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

"हो जाएगा" या शब्दांचा भूमेश्वरी रहांगडालेला इतका वीट आला होता, की कोणाच्या तोंडून ते निघाले की ती पाठ फिरवायची. आणि हॉटेलात दिवसभर दुसरं काय ऐकायला मिळतं म्हणा. लिफ्ट अडकली, हो जाएगा. गटार तुंबलं, हो जाएगा. होत काहीच नाही, फक्त वास वाढत जातो.

गोंदियात फुलचूरच्या रस्त्याला गुलाबचंद बिसेनचं बावीस खोल्यांचं हॉटेल आहे, मागे लग्नाचं लॉन. गुलाबचंद मूळचा शेतकरी, इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान काढणारा. धानाच्या बांधीतली कमाई त्याने विटा-सिमेंटात घातली. भूमेश्वरी तिथं एकोणीस वर्षांपूर्वी चादरी धुवायला लागली. सौंदडजवळच्या एका खेड्यातली पोवार शेतकऱ्याची लेक, नवरा असून नसल्यासारखा, हाताला धानाच्या रोवणीची सवय. चादरींवरून ती खोल्यांवर आली, खोल्यांवरून चाव्यांवर, आणि आता सात वर्षं मॅनेजर. अजूनही रोज सकाळी प्रत्येक खोलीत जाऊन टॉवेल नाकाला लावते. पोरी नुसता पाण्यातून काढलेला टॉवेल घडी घालून ठेवतात, हे तिला वासावरून कळतं. तिच्या पाठीमागे तिला "सुंघनेवाली मॅडम" म्हणतात. म्हणोत बापडे.

यंदा हॉटेलच्या परवान्यासाठी पहिल्यांदाच वीज सुरक्षेच्या तपासणीचा कागद मागितला गेला. लायसनवाल्या माणसाने तपासायचं, आणि खाली मॅनेजरने 'तपासणी माझ्यासमोर झाली' म्हणून सही करायची.

"कागद आना बाई," गुलाबचंद म्हणाला. "तपासनी कोनाले पाहिजे? रविवारी लगन आहे लॉनवर, डोकं नका खाऊ."

पण भूमेश्वरीला तपासणी पाहिजे होती. कारण होतं सात नंबरची खोली. पंधरा दिवसांपूर्वी झाडू-पोछा करणाऱ्या जमुनाबाईने तिथला गिझरचा नळ पकडला आणि ती भिंतीवर फेकली गेली. कोपर सुजलं, हाताची बोटं दोन दिवस वळेनात. भूमेश्वरीने शेठला सांगितलं. शेठने काय केलं असेल? इलेक्ट्रिशियन बोलावला नाही. रबरी चपलांचे सहा जोड आणून दिले आणि म्हणाला, घालून पुसा. बाईमाणसाच्या जिवाची सोय चपलेवर लावून माणूस सुपारी कातरत बसला. तो कातरण्याचा आवाज ऐकून तिला शिसारी आली.

"बाई, मी काही नखरे नाई करून राहिली," जमुनाबाई म्हणाली. "नळ चावते."

"ठाऊक आहे मले," भूमेश्वरी म्हणाली. सात नंबरला तिने कुलूप लावलं आणि माणूस शोधायला लागली.

पहिला भेटला हिमांशू, फोनवरच. आवाज मधाळ. "मॅडम, मेन बोर्डचा एक फोटो टाका, शाम तक पीडीएफ तुमच्या मोबाईलवर." तुम्ही पाहायला कधी येता, तिने विचारलं. तो हसला. "आने की क्या जरूरत? गोंदियातली अर्धी हॉटेलं माझ्याच पीडीएफवर चालून राहिली." या गोष्टीचा त्याला अभिमान होता. ज्या गोष्टीने तोंड लपवावं ती तो जाहिरातीसारखी सांगत होता. तिने फोन ठेवला आणि उगाचच हात धुतले.

दुसरा ओमेश. हा शेठच्या बायकोच्या नात्यातला, शेठनेच पाठवलेला. निदान आला तरी. गळ्यात ओळखपत्र, खिशात तीन दिव्यांचा प्लग टेस्टर. चहा घेतला, मग पोहे घेतले, मग तीन खोल्यांच्या सॉकेटमध्ये तो टेस्टर खोचून दाखवला. दिवे बरोबर लागले. सात नंबरमध्येही लागले.

"पाहा, अर्थिंग एकदम ओके."

"मग बाईले झटका कसा बसला?"

ओमेशने दारात उभ्या असलेल्या जमुनाबाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काही काही बायांच्या आंगातच करंट राहते, मॅडम." आणि स्वतःच्याच विनोदावर खिदळला. ओठांच्या कडेला पोह्याचा कण चिकटलेला. भूमेश्वरीला वाटलं, याला याच्याच टेस्टरसकट जिन्यावरून खाली ढकलावं. त्याने अहवाल तिथल्या तिथे भरला, सगळ्या रकान्यांत 'समाधानकारक'. परवान्याचा नंबर तिने विचारला तर म्हणाला, तो साहेबांचा आहे, साहेब सही करून देतात. म्हणजे लायसन एकाचं, डोळे दुसऱ्याचे, आणि त्या डोळ्यांनाही पाहायचं नव्हतं.

तिसरा माणूस तिला जमुनाबाईच्याच नवऱ्याने सांगितला. हा नवरा राईस मिलमध्ये हमाल. म्हणाला, आमच्या मिलची तपासणी दुधराम करते, लय खडूस बुढा आहे, मालक त्याच्यावर चिडून राहतात. मालक चिडतात हे ऐकूनच भूमेश्वरीने नंबर घेतला.

दुधराम सौंदडहून सकाळच्या गाडीने आला. साठीचा, काटकुळा, खांद्याला जड पिशवी. चहा नको म्हणाला. तिने विचारायच्या आधीच वीजकामाच्या सुपरवायझरचा परवाना टेबलावर ठेवला. त्यावर त्याचाच फोटो, त्याचंच नाव, मुदत अजून शिल्लक.

"झटका कोनाले बसला?" हा त्याचा पहिला प्रश्न. इतक्या दिवसांत कोणीही विचारला नव्हता. त्याने जमुनाबाईला स्टुलावर बसवलं, कोणता हात, पाय ओले होते का, गिझर चालू होता की बंद, सगळं विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. मग मेन स्विच बंद करून सात नंबरचा सॉकेट खोलला आणि भूमेश्वरीला जवळ बोलावलं.

"हा तुकडा पाहा. न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनले जोडली आहे. म्हनून टेस्टरचे दिवे बरोबर लागतात. टेस्टरले फसवाची जुनी तऱ्हा. कुठं न्यूट्रल ढिला झाला का गिझरच्या आंगात करंट उतरते. तुमची बाई वाचली, नशीब."

एक एक करून त्याने बावीस खोल्या खोलल्या. बावीसही तशाच. भूमेश्वरी मागे मागे फिरत होती.

"अर्थिंगचा खड्डा कुठं आहे?"

इथं तिला जरा बरं वाटलं. तो खड्डा ती स्वतः सांभाळत होती. मागच्या भिंतीशी, सिमेंटच्या झाकणाखाली. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग काम करत नाही, म्हणून दर वर्षी मार्चपासून पाऊस लागेपर्यंत ती रोज दोन बादल्या पाणी त्यात ओतायची. नोकरांवर सोडलं नाही कधी. बोअर आटला त्या वर्षी तिने आपल्या आंघोळीतलं पाणी वाचवून ओतलं होतं. हे तिने दुधरामला सांगितलंही.

दुधरामने पिशवी उघडली. त्याने जमिनीत दोन सळया ठोकल्या, मीटर लावलं, नकारार्थी मान हलवली आणि झाकण काढून कुदळ घेतली. दीड हात खणल्यावरच सगळं उघडं पडलं. आत हातभर पाइपाचा तुकडा, वरून नटबोल्ट कसलेला, आणि खाली काही नाही. अर्थिंगला लागतं ते मीठ नाही, कोळसा नाही, तांब्याचा पत्रा नाही. त्याने वायर ओढली. ती भिंतीत वीतभर गेली होती आणि तिथंच संपली होती. अकरा उन्हाळे ती मातीला पाणी पाजत होती.

"कोनाचं काम आहे हे?" दुधरामने वही उघडली.

काम तिलकचं होतं. तिलक तिचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी हॉटेलची वायरिंग नव्याने करायची निघाली तेव्हा दोन परवानेवाले आले होते, आणि तिने शेठला सांगितलं होतं, परके कशाला, आपला घरचा माणूस आहे, मी जामीन. परवाना आहे का हे तिने भावाला विचारलंसुद्धा नाही. भावाला कोणी विचारतं का? पाणी ओतत जा दीदी, हेही त्यानेच सांगितलं होतं, हसत. ओमेशची किळस आली, हिमांशूची आली, शेठच्या सुपारीची आली. आता ती जी आली ती स्वतःची होती आणि हात धुवून जाणारी नव्हती. ती लॉनच्या नळाशी गेली आणि खरंच ओकली.

अहवाल स्पष्ट होता. नवं अर्थिंग होईपर्यंत, बावीस खोल्यांतले वायरींचे खोटे जोड काढेपर्यंत हॉटेल बंद. गुलाबचंदने तो वाचून टेबलावर आपटला आणि ओमेशचा कागद पुढे सरकवला.

"यावर सही करा बाई. वऱ्हाड रविवारी येऊन राहिलं. अन् तुमच्याच भावाची बदनामी आहे, समजून राहिले ना तुमी?"

"समजून राहिली. मी नाई करत." तिने पेन त्याच्यासमोर ठेवलं. "हॉटेल तुमचं आहे. 'माझ्यासमोर तपासणी झाली' म्हनून तुमीच करा सही."

गुलाबचंदने पेन उचललं. कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं, दाराशी उभ्या जमुनाबाईकडे पाहिलं. मग त्याने पेनाचं टोपण लावलं आणि लग्नवाल्यांना फोन लावायला उठला. सही त्यालाही नको होती, म्हणजे धोका किती आहे हे त्याला एवढे दिवस ठाऊक होतं. हे बघून तिला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. आणखी थोडं घाण वाटलं, इतकंच.

दुपारी तिलकचा फोन आला. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. ओरडला नाही, लाडीगोडीने बोलला.

"काऊन असं करून राहिली दीदी? त्या बुढ्याले सांग ना, माहं नाव नको लिहू. तेव्हा सगळेच असं करत होते. अन् अकरा वर्सं झाली, मेला का कोनी?"

समोर दुधरामचा अहवाल होता. 'काम करणाऱ्याचे नाव' हा रकाना अजून कोरा होता. बुढ्याने तो तिच्यावर सोडला होता. फोन कानाशी धरूनच तिने लिहिलं.

"नाई मेलं कोनी," ती म्हणाली. "म्हनून तुहं नाव मी लिहून राहिली. मेलं असतं तं पोलिसांनी लिहिलं असतं."

तो फोनवर दीदी, दीदी करत राहिला. तिने त्याच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहिली, 'परवाना न पाहता या माणसाला कामावर मी आणले', आणि तिच्याखाली आपली सही केली.