वाहतूक उद्यानात आबा

मी चौथीत होते तेव्हा आमच्या पारोळ्याच्या शाळेची सहल जळगावच्या वाहतूक उद्यानात गेली. बाईंना सोबतीला एक मोठं माणूस हवं होतं. त्यांनी माझ्या वडिलांना, आबांना विचारलं. "रस्त्यावरचं तुमच्याइतकं कोणाला कळतं?" असं त्या सहज म्हणून गेल्या आणि मग त्यांनी जीभ चावली.

आबांनी ट्रक सोडून तेव्हा आठ महिने झाले होते. गावातल्या जिनिंग कारखान्याच्या कापसाच्या गाठी घेऊन ते गुजरातेत जायचे. एकदा जळगावला माल टाकून परत येताना एरंडोलच्या अलीकडे एक पोरगी वासरामागे धावत रस्त्यात आली. आबांनी ट्रक बाभळीवर घातला, तरी एक कोपरा तिला लागलाच. पाय मोडला, पण पोरगी वाचली. पंचनाम्यात आबांची चूक निघाली नाही. तरी त्यांनी किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवली आणि तिथेच काट्यावर कापूस मोजायचं काम मागून घेतलं. त्यानंतर ते सायकललाही हात लावत नव्हते. कामावर पायी जात. घरात बोलणं कमीच.

सहलीला ते आले ते मी दोन दिवस जेवले नाही म्हणून.

उद्यान म्हणजे भिंतीच्या आत आखलेले डांबरी रस्ते, मधे चौक, कमरेएवढा सिग्नल, पत्र्याचा पेट्रोलपंप आणि दोरीने वरखाली होणारं रेल्वेफाटक. पायडलच्या आठ-दहा मोटारी होत्या. एक वयस्कर हवालदार शिट्टी घेऊन उभे होते. त्यांनी अर्धा तास नियम सांगितले. आम्ही माना डोलावल्या आणि गाड्यांवर तुटून पडलो.

पाचव्या मिनिटाला चौक तुंबला. चारी बाजूंच्या गाड्या मधोमध अडकल्या आणि सगळे तोंडाने हॉर्न वाजवू लागले. फाटकाचा दांडा एकाच्या टोपीवर पडला. सिग्नल तोडला म्हणून हवालदारांनी एका मुलाला दंड सांगितला, तर त्याने निमूटपणे डबा उघडून दशमी पुढे केली. हवालदारांनी ती घेतली आणि खाल्लीही. झेब्रा पट्ट्यांवर कुठूनशी आलेली शेळी बसली होती. तिला शिट्टीचं काहीच नव्हतं.

आबा कडुनिंबाखाली उभे होते. मी गाडी जोरात मारत वळणावर आले आणि माझी मैत्रीण शेळीला हाकलायला आडवी धावली.

"थांब!"

तो आवाज माझ्या वडिलांचा आहे हे मला आधी कळलंच नाही. सगळे हॉर्न बंद झाले. मी थांबले होते, मैत्रिणीपासून चांगली चार हात लांब. आबांचा उजवा पाय मात्र ब्रेक दाबल्यासारखा जमिनीत रोवलेला होता.

हवालदार त्यांच्याजवळ गेले. "ड्रायव्हर का, भाऊ?"

"होतो."

 हवालदारांनी मला उतरायला सांगितलं आणि आबांना म्हणाले, "पोरांना एकदा नीट चालवून दाखवा. माझं कोणी ऐकत नाही."

आबा नको नको म्हणत असताना बाईंनीही आग्रह केला. शेवटी ते त्या गाडीत बसले. गुडघे पार कानाशी आले. पोरं हसून लोळायचीच बाकी राहिली. आबा हसले नाहीत. त्यांनी हात काढून वळणाची खूण केली, फाटकाशी थांबले, झेब्रा पट्ट्यांपाशी थांबले. पोरं मुद्दाम पट्ट्यांवरून इकडून तिकडे जाऊ लागली. आबा दर वेळी थांबत, शेवटचं पोर पलीकडे पोचेपर्यंत. असं किती वेळ चाललं कोण जाणे. हळूहळू हसणं ओसरलं. मुलं गंभीर तोंडं करून, उजवीकडे-डावीकडे बघून ओलांडू लागली. मी शेवटची ओलांडली. माझ्याकडे बघून आबा हळूच अहिराणीत म्हणाले, "जाय बेटा, मी थांबेल शे." जा, मी थांबलोय.

परतीच्या वाटेवर एरंडोल गेलं तेव्हा त्यांनी खिडकीतून एक बाभूळ दाखवली. "ती बघ," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी ते मला घेऊन त्या पोरीच्या गावी गेले. ती अंगणात लंगडी खेळत होती, बऱ्या झालेल्या पायावर. तो पाय थोडा आखूड राहिला होता. तिच्या वडिलांनी खाट टाकली, चहा आणला. "पोरगीच आडवी आली होती, भाऊ. तुम्ही यायला इतके दिवस लावले," ते म्हणाले. आबांनी कपबशी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. चहा निवून गेला. पोरीने मला खेळायला बोलावलं आणि मी गेले.

ट्रकवर ते परत गेले नाहीत. दिवाळीनंतर मालकाची जीप चालवू लागले. गाव लागलं की इतकी हळू चालवत, की मालक म्हणायचा, यापेक्षा मी पायी लवकर पोचेन. आबा ऐकून घेत आणि तशीच चालवत.